ला फाजचा धूर

१९६३ साल. त्या हिवाळ्यात माल्व्हेझीच्या चर्चमधलं पवित्र पाणी गोठलं आणि दगडी भांड्याला उभा तडा गेला. पुढे कित्येक वर्षं, गाय कधी घेतली, पोर कधी झालं हे सांगताना लोक ‘भांडं फुटलं त्या वर्षी’ असंच म्हणत. ला फाज वाडीचं जे झालं तेही भांडं फुटलं त्याच वर्षी.

माल्व्हेझी हे कम्यून, म्हणजे एका मेयरच्या हाताखालचं गाव आणि त्याच्या वाड्या, तेव्हा एकशे त्रेचाळीस माणसांचं होतं. जमीन मात्र ऐसपैस. उत्तरेला डोंगराची लांब धार, दक्षिणेला ओढा, मध्ये गवताळ पठार आणि त्यावर विखुरलेल्या सहा वाड्या. मधल्या गावात चर्च, एक दुकान, आणि शाळा व कचेरी मिळून एक इमारत. तळमजल्यावर डाव्या हाताला वर्ग, उजव्या हाताला मेयरची कचेरी, आणि वरच्या मजल्यावर नोएमी.

नोएमी शाळेत शिकवायची आणि कचेरीची चिटणीसही तीच होती. त्या भागात बहुतेक ठिकाणी असंच असे. शिकलेलं माणूस गावात एकच, मग दोन्ही कामं त्याच्याच गळ्यात. बाविसाव्या वर्षी ती खालच्या खोऱ्यातून इथे आली, एका हिवाळ्यापुरती म्हणून. आता एकेचाळीस वर्षांची होती. जन्म, मृत्यू, लग्नं, मतदारयाद्या, भटक्या कुत्र्यांबद्दलच्या तक्रारी, सगळं तिच्याच अक्षरात होतं. आणि शिवाय धुरांची वही.

वाड्यांच्या वरच्या अंगाला जी गायरानं होती ती कम्यूनची नव्हती, कुणा एकाचीही नव्हती. ती वाडीची होती, म्हणजे वाडीत जो चूल पेटती ठेवून राहतो त्याची. कायद्यात हे लांबलचक वाक्यात लिहिलेलं होतं. माल्व्हेझीने त्याची आपली सोपी रीत केली होती. दोन फेब्रुवारीला, मेणबत्त्यांच्या सणाला, भर दुपारी बारा वाजता मेयर, चिटणीस आणि रस्त्याचा मुकादम असे तिघं क्रूसाच्या टेकडीवर चढायचे आणि धूर मोजायचे. ऐन थंडीत ज्याच्या धुराड्यातून धूर निघतो तो हिवाळा इथेच काढतोय, हे उघडच होतं. उन्हाळ्यात येऊन खिडक्या उघडणाऱ्यांचा धूर कोणी मोजत नसे. वहीत वाडीचं नाव, धुरांची संख्या, घराघरात राहणाऱ्यांची नावं, खाली तिघांच्या सह्या. वाडीत एकही धूर उरला नाही, तर ते गायरान कम्यूनकडे जायचं. तसं दोन वाड्यांचं आधी झालं होतं.

ला फाजमध्ये पाच घरं होती. चारांना कुलपं, पाचव्यात झेली राहायची. वय पंच्याहत्तर, अकरा मेंढ्या, आणि तोंड असं की दुकानात ती आली की दुकानदारीण आधी वजनकाटा पुसून ठेवायची. एक नोव्हेंबरचा सगळ्या संतांचा सण झाला आणि चारच दिवसांनी झेली धुण्याच्या दगडावरून घसरली. मांडीचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याला ती सापडली, थंडीने निळी पडलेली, आणि त्याला उशीर झाला म्हणून त्याच्यावर खेकसत होती. तिला जिल्ह्याच्या गावी इस्पितळात नेलं. मेंढ्या वाटल्या गेल्या. चूल विझली.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मेयर माझोये कचेरीत आला, बुटांवरचा चिखल दाराशी आपटला आणि टोपी न काढताच बसला. माणूस वाईट नव्हता. चाळीस गाई, तीन मुली, आणि वर्गाच्या छतातून पाणी गळतं याची मनापासून लाज.

“जंगल खात्याचं पत्र आलंय, बाई,” तो म्हणाला. “चाळीस हजार स्प्रूसची रोपं देतायत. फुकट. लावायला माणसंही देतायत. फक्त जागा दाखवा म्हणतात, सलग आणि कम्यूनच्या मालकीची.”

“चाळीस हजार मावतील एवढी सलग जागा आपल्याकडे नाही.”

“फेब्रुवारीत असेल.”

नोएमीने टाक खाली ठेवला. “झेली जिवंत आहे.”

“देव तिला शंभर वर्षं देवो. पण ती इथे नाही. मी काही तिला ढकललं नाही दगडावरून. धूर नाही म्हणजे नाही, रीत मी केलेली नाही. तीस वर्षांनी ती झाडं तोडली की या छताचं, रस्त्याचं, सगळ्याचं भागेल.”

“तीस वर्षांनी.”

“तुम्ही काय, मी काय, तोवर नसू. पण कम्यून असेल ना?”

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, आणि हीच अडचण होती.

गुरुवारी शाळेला सुट्टी असे. त्या गुरुवारी नोएमी बसने इस्पितळात गेली. झेली सहा खाटांच्या खोलीत खिडकीजवळ होती, पाय वजनांना टांगलेला. उशीखालून तिने एक पत्र काढलं. नात रोझीनचं. रोझीन पॅरिसमध्ये एका धुलाईखान्यात इस्त्री करायची. सव्वीस वर्षांची. तिचं एका ब्रेतोन, समुद्राकाठच्या माणसाशी जमलं होतं, इव्हों नावाच्या. दोघं सेंट जॉनच्या सणापर्यंत, म्हणजे जूनअखेर, कायमची ला फाजला येणार होती. चार गाई घ्यायच्या, चीज करायचं, असं सगळं त्यात लिहिलं होतं. गाईंची नावंसुद्धा ठरली होती.

“वाचलंत?” झेली म्हणाली. “आता सांगा, गायरान गेलं तर चार गाई उभ्या कुठे राहणार? माझ्या परसात?”

“म्हणूनच आले. धूर मोजायचा आहे फेब्रुवारीत.”

“बाई, पाय मोडलाय माझा. चूल नाही मोडली.”

“चूल विझली आहे, मदाम झेली.”

“राखेखाली असेल निखारा.”

“दोन आठवडे झाले.”

झेलीने खिडकीकडे पाहिलं. खाली अंगणात कोणीतरी बर्फाआधीची शेवटची पानं लोटत होतं. मग ती आवाज खाली आणून म्हणाली, “लिहून टाका ना. एक ओळ. ला फाज, एक धूर. कोण बघायला येतंय?”

“मीच जाते बघायला. जे बघितलं नाही ते मी लिहीत नाही.”

“एकोणीस वर्षांत एकदाही नाही?”

“एकदाही नाही.”

“कंटाळा नाही येत?”

शेजारच्या खाटेवरची बाई हसली. झेली हसली नाही. तिने पत्र घडी घालून पुन्हा उशीखाली सारलं. “चारशे वर्षं तिथे धूर आहे म्हणतात,” ती म्हणाली. “माझ्याच हातून विझायचा होता तर.” आणि मग नोएमीने आणलेल्या बिस्किटांना नावं ठेवायला लागली. परतीच्या बसमध्ये नोएमी सगळा वेळ मांडीवरच्या रिकाम्या पिशवीची घडी करत आणि मोडत बसली.

सेंट कॅथरीनच्या दिवशी, पंचवीस नोव्हेंबरला, आन्सेल्म आला. तो दरवर्षी याच दिवशी यायचा. आन्सेल्म सूक वाडीचा, वय बहात्तर, पुतण्याच्या घरी राहणारा. सूक आणि ला फाज यांच्या मध्ये एक झरा होता. त्याचं पाणी आठवड्यातले चार दिवस ला फाजच्या कुरणाला आणि तीन दिवस सूकच्या कुरणाला जायचं. आन्सेल्मचं म्हणणं, हे उलट असायला हवं. १९३१ साली तो हे सांगायला झेलीच्या दारात गेला, तेव्हा तिने भरलेली दुधाची बादली त्याच्या डोक्यावर ओतली, आणि तेही तिच्या नणंदेच्या साखरपुड्याला जमलेल्या वीस माणसांसमोर. आन्सेल्मने तिथेच टोपी पिळली आणि शपथ घेतली की या घराचा उंबरा आपण मरेपर्यंत ओलांडणार नाही. त्याने झऱ्याभोवती आपल्या बाजूने ओकच्या खुंटांचं कुंपण घातलं, आणि तेव्हापासून दर सेंट कॅथरीनला तो ला फाज वाडीविरुद्ध अर्ज देत आला होता. झेलीही दर डिसेंबरला उत्तर द्यायची. ती उत्तरं नोएमीला थोडी सभ्य करून नकलावी लागत.

“यंदा अर्ज राहू द्या, आन्सेल्मबाबा,” नोएमी म्हणाली.

“का? शाई संपली?”

“ज्यांच्याविरुद्ध आहे तेच संपत आलेत.”

तिने सगळं सांगितलं. मांडीचं हाड, धूर, वही, रोपं. तिने त्याला काही कर म्हटलं नाही, सुचवलंही नाही. नियम जसा होता तसा सांगितला, आणि एवढ्याबाबतीत तरी तिला पुढे कधी वाईट वाटलं नाही.

“म्हणजे फेब्रुवारीनंतर माझा अर्ज कुणाविरुद्ध?”

“कम्यूनविरुद्ध.”

“म्हणजे माझोयेविरुद्ध?”

“हो.”

“तो गाढव तर वाचणारही नाही!” आन्सेल्म खराच वैतागला. “झेली निदान शिव्या तरी द्यायची. विचार करून द्यायची. गेल्या वर्षीची ती बोकडाची... तुम्ही ती गाळली होती, पण मला कळली.” त्याने अर्जाची घडी केली आणि टोपीच्या अस्तरात खोचली. दाराशी जाऊन पुन्हा वळला. “धूर असला की झालं?”

“धूर, आणि शंका आली तर हिवाळ्याची राख. मुकादम बातिस्त फावड्याने बघतो.”

“लाकूड कुणाचं ते बघता?”

“नाही.”

“पेटवला कुणी ते?”

नोएमीने खडूची पेटी सरळ केली. “तिथे जो राहतो त्याने. पाहुण्याचा धूर मोजत नाहीत.”

“हं,” आन्सेल्म म्हणाला आणि गेला.

सेंट निकोलसच्या दिवशी, सहा डिसेंबरला, बर्फ सुरू झाला तो थांबेना. मग ते चर्चचं भांडं फुटलं. शाळेत येणारी मुलं अकराची सात झाली, वाड्यांवरची रस्ता उघडेपर्यंत घरीच. आन्सेल्मच्या पुतण्याची बायको रविवारी प्रार्थनेनंतर म्हणाली, “म्हातारा कुठे गेलाय कोण जाणे. बहिणीकडे जातो म्हणाला, घोंगडं आणि कॉफीची किटली घेऊन. बहिणीकडे किटली नाही का?” कोणी फारसं लक्ष दिलं नाही. आन्सेल्मची बहीण धारेपलीकडे, दुसऱ्या कम्यूनमध्ये होती.

ला फाज गावातून दिसत नाही. मध्ये डोंगराचा खांदा आहे. ते दिसतं फक्त क्रूसाच्या टेकडीवरून. डिसेंबर-जानेवारीत नोएमीला चारदा तरी वाटलं की टेकडीवर जाऊन यावं. ती गेली नाही. दिवस ठरलेला होता, आणि त्याआधी बघून जे कळेल ते जवळ बाळगायची तिची तयारी नव्हती.

दोन फेब्रुवारी शनिवारी आला. साडेअकराला शाळा सुटली. माझोयेच्या बायकोने सकाळपासून सणाची धिरडी घातली होती, त्यांचा वास मेयरच्या कोटाला येत होता. मुकादम बातिस्त फावडं घेऊन पुढे, वाट तुडवत. तो कमी बोलणारा, रुंद पाठीचा माणूस होता. पस्तीस वर्षं त्याने या कम्यूनच्या रस्त्याकडेच्या चरी साफ केल्या होत्या आणि कुठलं पाणी कुठे जातं हे नकाशापेक्षा त्याला जास्त माहीत होतं.

वर पोचले तेव्हा खाली चर्चचे बारा वाजत होते. हवा स्थिर होती. प्रत्येक धूर काठीसारखा सरळ उभा. बातिस्त बोटाने दाखवायचा, माझोये आकडा म्हणायचा, नोएमी हातमोजे काढून लिहायची.

“गाव, चौदा.”

“चौदा.”

“सूक, आठ.”

“आठ.”

“ला फाज, शून्य,” माझोये म्हणाला. त्याने तिकडे पाहिलंही नव्हतं. त्याला पाहवत नव्हतं असंही असेल.

“थांबा,” बातिस्त म्हणाला.

पांढऱ्या उतारावर पाच काळी छपरं होती, आणि मोठ्या ॲश झाडाच्या डाव्या अंगाला एक बारीक, निळसर रेघ वर चढत होती.

“झेलीचं घर झाडाच्या उजव्या अंगाला,” बातिस्त सावकाश म्हणाला. “डाव्या अंगाला भट्टी.”

“पावाची भट्टी? ती तर लढाईपासून बंद आहे.”

“मग बंद भट्टीतून धूर येतोय.”

माझोयेने नोएमीकडे पाहिलं. नोएमी ला फाजकडे पाहत होती. तिने आकड्याची जागा कोरी सोडली होती.

जायला दीड तास लागला. शेवटच्या चढावर कुणाच्या तरी पावलांची जुनी, पक्की झालेली वाट लागली. ती झऱ्याकडे जात होती आणि तिथून भट्टीकडे. झेलीच्या दारासमोरचा बर्फ मात्र अखंड होता, त्यावर पाखराच्या नखाचीसुद्धा खूण नव्हती.

भट्टीघराचं दार आतून उघडलं. आन्सेल्म उभा, अंगात दोन कोट, दाढी मात्र गुळगुळीत केलेली.

“उशीर केलात,” तो म्हणाला. “बारालाच बटाटे काढले मी.”

आत एका माणसाला हातपाय पसरता येतील एवढी जागा. गवताची गादी, खिळ्याला टांगलेला छोटा आरसा, वस्तरा, किटली, फळीवर अर्धं चीज आणि चर्चचं कॅलेंडर. त्यावर एकेक दिवस कोळशाने खोडलेला. भट्टीच्या तोंडाशी विस्तव होता आणि मागच्या दगडांची ऊब अशी की नोएमीच्या चष्म्यावर धुकं आलं.

“तुम्ही इथे काय करताय?” माझोये म्हणाला.

“राहतोय.”

“झेलीच्या घरात नाही, भट्टीत?”

“तिच्या घरात? मी?” आन्सेल्मचा चेहरा असा झाला की जणू त्याला चोर म्हटलं. “शपथ आहे माझी. बत्तीस वर्षांत उंबऱ्याला पाय लावलेला नाही, हाड मोडलं म्हणून आता लावू? भट्टी सामाईक आहे. इथे मला कोणी बादली मारू शकत नाही.”

“अहो पण चूल झेलीची हवी!”

“तसं कुठे आहे? बाईंनी सांगितलं, जो राहतो त्याची.”

माझोये नोएमीकडे वळला. “तुम्ही सांगितलंत?”

“विचारलं म्हणून सांगितलं. तुम्ही विचारलं असतं तर तुम्हालाही सांगितलं असतं.”

बातिस्त बाहेर गेला होता. भिंतीमागे राखेचा ढीग होता. त्याने फावड्याने तो वरपासून खालपर्यंत उभा कापला आणि तिघांना बोलावलं. कापलेल्या बाजूला थर दिसत होते. राख, बर्फ, राख, बर्फ, एखाद्या केकसारखे. बातिस्तने बोट ठेवत खालून वर मोजलं. “हा निकोलसचा बर्फ. हा नाताळाआधीचा. हा जानेवारीतल्या राजांच्या सणाचा, जड होता तो. हा भांडं फुटलं तेव्हाचा.” नऊ बर्फ पडले होते त्या हिवाळ्यात. नऊ थर होते, आणि प्रत्येकावर राख.

“पाहुणा इतकी राख करत नाही,” बातिस्त म्हणाला. त्याचं त्या दिवसाचं बोलणं संपलं.

माझोये पुन्हा आत आला आणि भट्टीच्या कट्ट्यावर बसला. आन्सेल्मने न विचारता त्याच्या हातात एक बटाटा दिला. त्याने तो या हातातून त्या हातात उडवला.

“ठीक. राहताय तर राहताय. पण ही इमारत वाडीची. सामाईक. सामाईक इमारतीतल्या धुराड्याला कुणाची चूल म्हणून मी कसा मांडू? उद्या कोणी चर्चच्या मनोऱ्यात बिछाना टाकेल.”

नोएमीने हाताच्या बोटांवर फुंकर मारली, वही उघडली आणि गेल्या वर्षीचं पहिलं पान माझोयेसमोर धरलं. अगदी पहिली ओळ. गाव. शाळा. एक धूर. खाली तिची सही, आणि त्याची, आणि बातिस्तची. त्यामागच्या वर्षी तेच. एकोणीस वर्षं तेच.

“शाळा कम्यूनची आहे,” ती म्हणाली. “मी भाडंही देत नाही. माझा धूर तुम्ही दरवर्षी मोजता. तो मोजायचा नसेल तर दोन्ही खोडते.”

माझोयेने बटाट्याचा एक घास घेतला. तो गरम होता, म्हणून त्याला बराच वेळ तोंड उघडं ठेवून बसावं लागलं.

“चाळीस हजार रोपं, बाई,” तो शेवटी म्हणाला.

“माहीत आहे.”

“छत गळतंय.”

“माझ्याच डोक्यावर गळतंय.”

त्याने मान हलवली, पण ती हो म्हणून होती.

नोएमीने टाक काढला. शाई गोठली होती, आन्सेल्मने ती दौत भट्टीच्या तोंडाशी धरली. मग ती म्हणाली, “आन्सेल्मबाबा, एक आहे. एका माणसाचे दोन धूर होत नाहीत. इथे लिहिलं की सूकमधून नाव कमी.”

हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं, असं दिसलं. त्याने टोपी काढली आणि तिच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. सूकच्या पानावर त्याच्या आज्याचं नाव होतं, बापाचं होतं, भावाचं होतं.

“आणि तुमचा अर्ज,” नोएमी म्हणाली, “तो ला फाज वाडीविरुद्ध आहे. यापुढे ला फाज म्हणजे तुम्हीच.”

बातिस्तला खोकला आला.

“म्हणजे मीच माझ्याविरुद्ध भांडायचं?”

“रीतीने तसंच होईल.”

आन्सेल्मने विस्तवातलं लाकूड पुढे सारलं. मग टोपी पुन्हा घातली. “चला. निदान समोरचा माणूस शहाणा मिळाला. लिहा.”

तिने लिहिलं. ला फाज, एक धूर. नाव. चौघांच्या सह्या झाल्या. दौत पुन्हा गोठायच्या आत सगळे निघाले. आन्सेल्म दारात उभा राहून, बंद घराच्या उंबऱ्यापासून शपथेपुरता दूर, त्यांना जाताना बघत होता.

त्यानंतरच्या गुरुवारी नोएमीने झेलीला सगळं सांगितलं. झेलीने मध्ये एकदाही तोडलं नाही, हे तिच्या बाबतीत नवलच होतं.

“माझ्या घरात शिरला नाही ना?”

“नाही.”

“लाकडं कुठली जाळली? उजवीकडची रास माझ्या नवऱ्याने रचलेली आहे.”

“रास तशीच आहे. त्याने झऱ्याभोवतीचं कुंपण जाळलं. त्याचंच. ते संपल्यावर वाऱ्याने पडलेलं एक बीचचं झाड.”

झेली छताकडे पाहत पडून राहिली. “ओकचे खुंट होते,” ती म्हणाली. “चांगला विस्तव होतो ओकचा.” आणि थोड्या वेळाने, “कुंपण जाळलं, तर आता तो भांडणार कशावरून?”

मे महिन्यात ती काठी टेकत घरी आली. आन्सेल्म भट्टीतच होता. पहिल्या संध्याकाळी तिने सुपाचं भांडं उंबऱ्याच्या बाहेरच्या पायरीवर ठेवलं आणि दार लावून घेतलं. सकाळी भांडं घासलेलं, त्याच जागी होतं. पुढे हे रोजचंच झालं. आन्सेल्मने त्या वर्षीही सेंट कॅथरीनला अर्ज दिला, ला फाजच्या वतीने, सूकविरुद्ध, की चार दिवस पुरत नाहीत, पाच हवेत. त्यावर पुतण्याने जे उत्तर पाठवलं ते नोएमीला जवळजवळ सगळंच गाळावं लागलं.

रोझीन आणि इव्हों सेंट जॉनला आले, चार गाई घेऊन. पावसाळी हवेची सवय असल्याने इव्होंला काहीच जड गेलं नाही, फक्त समुद्र नाही याची तो शेवटपर्यंत तक्रार करायचा. त्यांना दोन मुली झाल्या. त्या नोएमीच्या शाळेत शिकल्या.

झेली १९६६च्या मार्चमध्ये गेली. रीतीप्रमाणे सगळं गाव आत येऊन पायाशी उभं राहिलं आणि बॉक्सवुडच्या डहाळीने पवित्र पाणी शिंपडून गेलं. आन्सेल्म आत आला नाही. तो अंगणातून खिडकीशी गेला, रोझीनने डहाळी भिजवून त्याच्या हातात दिली, आणि त्याने खिडकीतून हात लांब करून पाणी शिंपडलं. बरंचसं तिच्या तोंडावर पडलं. दुधाच्या बादलीचं फिटलं असं बातिस्त म्हणाला, पण हळू.

आन्सेल्म आणखी पाच वर्षं भट्टीत राहिला. त्याला चर्चच्या दफनभूमीत ला फाजच्या ओळीत पुरलं, झेलीपासून तिसऱ्या जागेवर. झऱ्याचं पाणी अजून चार दिवस इकडे, तीन दिवस तिकडे जातं.

माझोये १९७७ पर्यंत मेयर होता. स्प्रूस त्याने पश्चिमेच्या रिकाम्या वाडीच्या उतारावर लावले, मावले तेवढेच. १९८२च्या वादळात त्यातली निम्मी आडवी झाली. तोवर तो मुलीकडे राहायला गेला होता. बघायला आला नाही. छत त्याने त्याआधीच दुरुस्त केलं होतं, कशातून केलं ते सांगितलं नाही.

बातिस्तला निवृत्तीच्या दिवशी कम्यूनने एक खुर्ची दिली. ती त्याने चरीच्या कडेला नेऊन ठेवली आणि नवा मुकादम चर कशी काढतो ते तिच्यावर बसून बघायचा.

धूर मोजणं १९७४च्या सुमाराला थांबलं. सूकमध्ये तेलाच्या शेगड्या आल्या, त्यांचा धूर दिसेना, आणि जिल्ह्याहून छापील तक्ते येऊ लागले. रोझीन अजून ला फाजला आहे. तिच्याकडेही शेगडी आहे, पण दोन फेब्रुवारीला ती भट्टी पेटवते, धिरड्यांसाठी म्हणते.

नोएमीची शाळा १९७९ मध्ये बंद झाली, तेव्हा पटावर तीन मुलं होती. वही तिने जिल्ह्याच्या दप्तरखान्यात जमा केली आणि पावती घेतली. ती खालच्या खोऱ्यात, बहिणीच्या घराशेजारी राहायला गेली. तिथे खिडकीतून धूर दिसत नाहीत. समोर गोदामाची भिंत आहे. तरी मेणबत्त्यांच्या सणाला दुपारी बाराला ती थोडा वेळ उभी राहते, कोट घालून, आणि मग जेवायला बसते.